टाकीचं झाकण उघडलं की

ब्रिस्टलच्या आमच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत एक प्रश्न हमखास यायचा. "वैशाली, तू नक्की काय करतेस गं?" रांगेतले बाकीचे सगळे पुण्याचे नाहीतर नागपूरचे, बँकांचं नाहीतर विम्याचं सॉफ्टवेअर लिहिणारे. मी म्हणायचे, "मी गाळते."

"काय, चहा?"

"नाही, कूलंट!"

मग समजावून सांगावं लागायचं. मशीनवर धातू कापताना हत्यार तापतं, म्हणून त्यावर दुधाळ पाण्याची धार सोडतात. तेल आणि पाणी एकत्र केलेलं असतं, तेच कूलंट. कापलेल्या धातूचा कीस त्या धारेबरोबर खालच्या टाकीत वाहून जातो आणि टाकीतलं कूलंट पंपाने पुन्हा वर येतं. मधल्या वाटेत तो कीस गाळून काढायचा, एवढंच माझं काम. इथवर ऐकणाऱ्याचं लक्ष गुलाबजामकडे गेलेलं असायचं. पण "त्या टाकीपायी एकदा अख्खी कंपनी पार्किंगमध्ये उभी होती" म्हटलं, की वाढणाऱ्याचाही हात थांबायचा!

दोन हजार तीन ते आठ, पाच वर्षं मी तिथल्या एका मशीन शॉपमध्ये, म्हणजे धातूचे भाग कापून देणाऱ्या कारखान्यात, काढली. शॉपमध्ये असं आहे, की कुणी घाबरलं की ते चहाला सांगितलं जातं, दुसऱ्या दिवशी त्यात थोडी भर पडते आणि आठवड्याने ते न पाहिलेले लोकसुद्धा ते सांगायला लागतात. म्हणून एवढे किस्से साठलेत. मी ते हसत सांगायला बसते खरी, पण यातल्या प्रत्येकात मी घाबरलेली आहे. कधी जरा, कधी भरपूर.

*

मी कोल्हापूरची. उद्यमनगरात बाबांचे दोन लेथ होते, त्यामुळे तेलकट वासाचं मला अप्रूप नव्हतं. पहिल्या दिवशी मॅनेजर ग्रॅहॅमने मला टेरीच्या हवाली केलं. टेरी म्हणजे साठीला टेकलेला मेंटेनन्सचा माणूस. शॉपमधल्या सगळ्या टाक्या त्याच्या ताब्यात. मला बघून म्हणाला, "ऑलराइट, माय लव्हर?"

परदेश, पहिला दिवस आणि हा माणूस काय म्हणतोय! (संध्याकाळी बसचा ड्रायव्हरही तेच म्हणाला, पुढच्या म्हातारीलाही तेच म्हणाला, तेव्हा जीव भांड्यात पडला. ब्रिस्टलचे जुने लोक सगळ्यांनाच तसं म्हणतात.)

टेरीने एका टाकीचं झाकण उचललं. आपल्यालाही काही कळतं हे दाखवायला मी बाबांसारखी दोन बोटं कूलंटमध्ये बुडवली आणि अंगठ्यावर चोळून बघितली. पातळ झालंय की दाट, हे बाबा असंच ओळखायचे.

"हात बाहेर!" टेरी असा ओरडला, की तीन मशीन पलीकडचा माणूस वळून बघायला लागला. माझं मनगट धरून त्याने मला नळापाशी ओढत नेलं आणि लहान पोराचे धुवावेत तसे माझे हात कोपरापर्यंत धुतले. मग स्वतःचे हातमोजे काढले. तळव्यांना भेगा पडलेल्या, बोटांच्या बेचक्यात कातडी गेलेली, आत लालभडक.

"बावीस वर्षं मीही असंच चोळून बघितलं," तो म्हणाला. "आता शर्टाचं बटण बायको लावते."

मला धडकी भरली ती त्याचे हात बघून नाही. बाबांचे हात डिट्टो तसेच होते. मी लहानपणापासून समजत आले होते, की ते कष्टाचे हात आहेत म्हणून तसे आहेत! त्याच दिवशी घरी फोन लावला. "बाबा, उद्यापासून हातमोजे घाला."

बाबा हसले. "अगं, मोजे घातल्यावर कळणार कसं?"

*

पुढचा ईस्टरचा. शुक्रवार ते सोमवार शॉप बंद होतं. कूलंट असं निपचित पडलं, की वर तेलाची साय धरते, खाली बारीक किसाचा गाळ बसतो, मधे हवा पोचत नाही आणि त्यात जंतू माजतात.

मंगळवारी सकाळी तपासणी विभागाच्या जॉइसने दार उघडलं आणि सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला, की तिने थेट फायर अलार्म दाबला. "गॅस लीक! सगळे बाहेर!" चाळीस माणसं पार्किंगमध्ये. बोचरा वारा, कोट सगळे आत राहिलेले. ग्रॅहॅमने यादी काढून हजेरी घेतली. एक माणूस कमी!

टेरी नव्हता. त्याची गाडी मात्र समोर उभी होती.

जॉइसने तोंडावर हात घेतला. ग्रॅहॅम दाराकडे निघाला, दोघांनी त्याला धरून ठेवलं. गॅसवाल्यांची व्हॅन आली, एक माणूस मास्क लावून, हातात मीटर घेऊन आत गेला. पाच मिनिटं झाली. मी मनातल्या मनात अथर्वशीर्ष म्हणायला लागले होते आणि निम्म्यात अडकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

दार उघडलं. गॅसवाला बाहेर आला, पाठोपाठ टेरी. टेरीच्या हातात चहाचा मग!

"घंटा ऐकली," टेरी म्हणाला, "पण वाटलं नेहमीची फायर ड्रिल आहे. चार नंबरची टाकी ढवळत होतो."

ग्रॅहॅमने गॅसवाल्याला विचारलं, "गॅस किती आहे?"

गॅसवाल्याने मास्क काढला. चेहरा हिरवट पडलेला. "गॅस नाहीये, सर," तो म्हणाला. "असता तर बरं झालं असतं!"

*

ॲल्युमिनियमचे काही भाग आम्ही विमानांसाठी करायचो. पृष्ठभाग आरशासारखा लागायचा. एका महिन्यात लागोपाठ सात भाग रिजेक्ट झाले, कारण त्यांच्यावर केसाएवढे ओरखडे. आमच्या गाळणीतून निसटलेला बारीक कीस कूलंटबरोबर पुन्हा वर येत होता आणि कटरखाली सापडून घासला जात होता. गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर गुरुवारी स्वतः येणार, असं कळलं.

ग्रॅहॅमने मला केबिनमध्ये बोलावलं. (शॉपमध्ये माझं वैशालीचं 'व्ही' झालं होतं.) "व्ही, गाळणं हे तुझंच खातं ना?" हसत विचारलं, पण ते हसू मला आवडलं नाही. माझं वर्क परमिट त्या कंपनीच्या नावाला बांधलेलं होतं. माझा नवरा समीर तेव्हा नोकरी शोधत होता आणि त्याचा व्हिसा माझ्या परमिटला लटकलेला. नवीन बारीक गाळणी यायला पंधरा दिवस लागणार होते. मी घरी गेले आणि कपाटावरच्या सूटकेसेसकडे बघत बसले.

आणि बुधवारी ओरखडे थांबले! आपोआप. का थांबले ते मला कळेना, आणि खरं सांगते, विचारायची छाती झाली नाही.

गुरुवारी इन्स्पेक्टर आला. उंच, करडा सूट, चेहऱ्यावर रेष हलत नाही. सरळ मशीनपाशी गेला. "टाकी उघडा."

मी झाकण उचललं. त्याने आत वाकून पाहिलं, खिशातलं पेन काढलं आणि काहीतरी अडकवून वर खेचलं. एक लांबलचक पाय बाहेर आला. मग दुसरा. बायकांचे घालायचे पातळ मोजे, टाइट्स! पंजात ॲल्युमिनियमचा कीस गच्च भरून तो हत्तीच्या पायाएवढा झालेला, वरून कूलंट ठिबकतंय.

ग्रॅहॅमने डोळे मिटून घेतले. त्या मशीनवरचा ऑपरेटर मारेक, पोलंडहून वर्षापूर्वी आलेला, दिवसाकाठी दहा शब्द बोलणारा, कानापर्यंत लाल झाला. मला डोळ्यांपुढे हीथ्रो विमानतळ दिसायला लागला.

इन्स्पेक्टरने तो मोजा उजेडात धरला. अंगठ्याने ताणून विणीतून आरपार पाहिलं. मग मारेककडे वळून विचारलं, "किती डेनियर?" डेनियर म्हणजे अशा मोज्यांच्या धाग्याच्या जाडीचं माप.

"चाळीस," मारेक म्हणाला. मग थोडं थांबून, "माझ्या बायकोचे आहेत. तिला माहीत नाही."

इन्स्पेक्टरने ते लिहून घेतलं!

*

याच मारेकचा हा पुढचा किस्सा. हा सांगताना अजूनही माझी बोटं आपोआप मुठीत जातात.

स्टीलचा कीस ॲल्युमिनियमसारखा चुरा होत नाही. लांब, गुंतलेल्या, ब्लेडसारख्या धारदार कड्या निघतात. टाकीतून त्या बाहेर काढायला पोलादी पट्ट्यांचा एक पट्टा असतो, तो कीस उचलून वर नेतो आणि कचऱ्याच्या डब्यात टाकतो. एके दुपारी तो पट्टा अडकला. पक्ष्याच्या घरट्याएवढा गुंता. पट्टा बंद करून मगच हात घालायचा, हा नियम भिंतीवर तीन भाषांत लिहिलेला होता, त्यातली एक पोलिश. पण तो अडकलेला पट्टा बंदच वाटत होता. मारेकने जाळी उघडली आणि हात घातला.

गुंता सुटला. पट्टा चालू झाला.

ओरडला की नाही, मला आठवत नाही. मला फक्त त्याचा खांदा आत ओढला जाताना दिसला आणि मी लाल बटणावर दोन्ही हातांनी पडले. त्या अर्ध्या सेकंदात त्याने हात हिसकून बाहेर काढला होता. हातातला चामडी मोजा आतच राहिला होता. त्याने हात काखेत दाबून धरला आणि डोळे घट्ट मिटून जमिनीवर बसला.

"दाखव," मी म्हटलं.

तो मान हलवत राहिला. काखेतून रक्त झिरपत होतं, शर्ट भिजत होता. "नाही. नाही बघायचं."

टेरी धावत आला. त्याने मारेककडे पाहिलंसुद्धा नाही. तो सरळ पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला गेला, बटण सोडवलं आणि पट्टा हळूहळू पुढे घेतला. एक पट्टी. दुसरी. तिसरी. आम्ही डब्याकडे बघत उभे. किसाची एक लड पडली. मग आणखी एक. मग तो चामडी मोजा वर आला आणि डब्यात टपकन पडला.

टेरीने तो उचलला. अंगठ्यापासून सुरुवात करून एकेक बोट चिमटीत धरून दाबून पाहिलं. पाचही.

"रिकामी आहेत," तो म्हणाला. "पाचही रिकामी आहेत, मारेक. आता बघ."

*

त्या वर्षी कंपनीत टापटिपीचं खूळ आलं होतं. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या, प्रत्येक वस्तूला जागा आणि ज्याची गरज नाही त्यावर लाल चिठ्ठी: 'काढून टाका'. टायटॅनियमच्या मशीनशेजारी टेरीची एक जुनी वाळूची बादली असायची. तिच्यावर दर सोमवारी लाल चिठ्ठी लागायची आणि टेरी दर सोमवारी ती बादली मशीनच्या मागे लपवायचा.

एका सकाळी टायटॅनियमचा बारीक कीस डब्यात कोरडा पडला होता. कुठून ठिणगी गेली कोण जाणे! पांढरी आग. पिवळी नाही, पांढरी, वेल्डिंगसारखी, बघवत नव्हती. भिंतीवरचं पाण्याचं फायर एक्स्टिंग्विशर मला जवळ होतं. मी ते काढलं, पिन ओढली आणि पुढे झाले.

"व्ही, तिथेच थांब!" टेरी कधी नव्हे ते हळू बोलला, आणि म्हणूनच मी थांबले. "त्याच्यावर पाणी पडलं तर छप्पर उडेल. नळी खाली कर. माझ्याकडे बघ. मागे ये."

मी एकेक पाऊल मागे आले. नळीचा खटका अजून माझ्या बोटाखाली होता. टेरीने बादली आणून कोरडी वाळू कडेकडेने आत ओतली. सगळी. पांढरा उजेड आधी तांबूस झाला, मग गेला.

टेरीने बादलीवरची लाल चिठ्ठी सोलून काढली. आणि माझ्या खिशावर चिकटवली.

*

खोकल्याची गोष्ट मी गणपतीच्या रांगेत कधी सांगितली नाही.

थंडीत शॉपची दारं बंद असायची. जोरात मारलेल्या कूलंटचं धुकं व्हायचं आणि ट्यूबलाइटभोवती कडी दिसायची, चंद्राला खळं पडतं तशी. मला नोव्हेंबरात खोकला सुरू झाला. दुपारनंतर कणकण, जिना चढताना धाप, वजन उतरलेलं. जीपीने, म्हणजे आमच्या भागातल्या सरकारी डॉक्टरने, दोनदा अँटिबायोटिक दिलं. समीर म्हणे घरात ओल आहे, त्याने भिंती पुसून काढल्या.

ख्रिसमसला दहा दिवस लंडनला, हॅरोत, मावसबहिणीकडे गेलो. तिसऱ्या दिवशी खोकला गायब! मी हॅरोच्या टेकडीवर न थांबता चढले. सुट्टी संपली, कामावर परत गेले आणि चार वाजेपर्यंत खोकला परत. तेव्हा मला कळलं, आणि कळल्यावर जास्तच भीती वाटली. कारण सांगायचं कुणाला? अनफिट ठरले तर नोकरी नाही, नोकरी नाही तर परमिट नाही. मी खिशात पेपरमिंटच्या गोळ्या ठेवायला लागले.

एकदा टॉयलेटमध्ये जाऊन तोंडावर टॉवेल दाबून खोकत होते. शेजारच्या खणातूनही तसाच दाबलेला आवाज आला. मी थांबले. तोही थांबला.

"व्ही?" जॉइसचा आवाज.

"हो."

"कधीपासून?"

"नोव्हेंबर. तू?"

"सप्टेंबर." जॉइसला रिटायर व्हायला दोन वर्षं होती. "कुणाला सांगू नकोस, हं."

"तूही नको सांगूस."

मधली प्लायवूडची भिंत. आम्ही एकमेकींना बघितलंही नाही, हात धुऊन वेगवेगळ्या बाहेर पडलो.

फेब्रुवारीत ग्रॅहॅमने सगळ्यांना कँटीनमध्ये बोलावलं. त्याच्या हातात एका हॉस्पिटलच्या डॉक्टरचं पत्र होतं. आमच्यातल्या एकाच्या फुप्फुसांना सूज आलीय आणि तुमच्या कूलंटमध्ये नक्की काय आहे ते कळवा, असं त्यात लिहिलं होतं. "आणखी कुणाला खोकला आहे?" ग्रॅहॅमने विचारलं.

चाळीस माणसं खोकला दाबून बसली होती आणि तो दाबण्याचा आवाज ऐकू येत होता! नाकातून जोरात घेतलेला श्वास, खाकरणं, खुर्चीची कुरकुर. मी टेबलावरच्या सॉसच्या बाटलीकडे बघत होते.

जॉइसने हात वर केला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ समोर बघत राहिली. मग मी केला. मग मारेकने. मग खिडकीजवळच्या दोघांनी. मोजले, तर अकरा.

ग्रॅहॅमने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आपलाही हात वर केला.

*

त्यानंतर सरकारी लोक आले. हुकूम झाला, की सगळं कूलंट फेका, धुकं ओढणारे पंखे बसवा, सगळ्या टाक्या तळापर्यंत धुवा. टाक्या धुतल्या. राहिला तो जमिनीखालचा मोठा हौद. सगळ्या मशीनचं कूलंट शेवटी त्यात उतरायचं. दीड पुरुष खोल, वर माणूस जाईल एवढंच तोंड. त्याचा तळ कित्येक वर्षांत कुणी पाहिला नव्हता. ग्रॅहॅमने आम्हा तिघांना, टेरी, मारेक आणि मला, अर्ध्या दिवसाच्या कोर्सला पाठवलं.

शिकवणाऱ्या बाईंनी दोन गोष्टी आमच्याकडून घोकून घेतल्या. एक, खाली माणूस पडला तर त्याच्यामागे उतरायचं नाही. "पहिला चुकून मरतो, दुसरा मायेपोटी." दोन, सडक्या अंड्यांचा वास येतोय तोवर सुटायला वेळ आहे. तो अचानक यायचा बंद झाला, तर विषारी वायू गेलेला नसतो, तुमचं नाक गेलेलं असतं.

ऑगस्टची सुट्टी, सकाळचे अकरा. शॉप रिकामं, छताच्या काचांतून ऊन पडलेलं. हौदाच्या तोंडावर तिवई, तिला हाताने फिरवायची चरखी, चरखीची तार टेरीच्या अंगावरच्या पट्ट्यांना. मारेक चरखीपाशी, मी तोंडापाशी. गॅसचा मीटर दोरीने सोडून पाहिला. सगळं ठीक दाखवलं. टेरी शिडीने उतरला.

नियम असा, की खालच्या माणसाने सतत बोलत राहायचं. आधी त्याने गाणी म्हटली. मग आयुष्यात पाळलेल्या सगळ्या कुत्र्यांची माहिती दिली. मग विषय संपले. "व्ही," खालून आवाज आला, "चार वर्षं झाली, तुझ्या भाषेतला एक आकडाही मला येत नाही. शिकव."

मग दर बादलीला एक. मी वरून सांगायचे, तो खालून ओरडायचा, मारेक दोरीने बादली ओढून पिंपात ओतायचा.

"एक!"

"एक!"

पाचापर्यंत मजा वाटली. 'आठ'ला त्याची जीभ वळेना. दहानंतर तो नीट म्हणायला लागला. सोळाव्या बादलीला फावडं खणकन वाजलं. किसाचा थर तळाशी दगडासारखा धरला होता. टेरीने पहार मागितली. पहिल्या घावाला खाली काळं काहीतरी बुडबुडलं आणि असा वास वर आला, की मी दोन पावलं मागे सरले.

"सतरा!" मी ओरडले.

"सतरा!"

"अठरा!"

"अठरा," खालून आलं, जरा सावकाश. आणि मग, "हां, बरं झालं. वास गेला."

मी वर उभी होते. मला वास येत होता.

"टेरी, वर ये!"

"एवढी एक बादली भरतो, माय लव्हर. अठरानंतर काय?"

"टेरी, आत्ता! शिडी धर!"

"अठरानंतर..."

मग काहीच नाही. पहार पडल्याचा आवाज. मी वाकून पाहिलं. फक्त हेल्मेटची पाठ दिसत होती, चिखलावर टेकलेली.

"एकोणीस!" मी किंचाळले. "टेरी, एकोणीस! म्हण, एकोणीस! एकोणीस म्हण ना!"

माझा पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर कधी गेला, मला ठाऊक नाही. मागून कॉलरला हिसका बसला आणि मी जमिनीवर आपटले.

"नो," मारेक म्हणाला. "तू इकडे. दांडा धर."

आम्ही दोघांनी चरखीचा दांडा धरला. एका फेऱ्याला वीतभर तार. टेरी मोठा माणूस, त्यात चिखलाने जड झालेला. मारेकने हातमोजे घातलेले नव्हते आणि त्याच्या जुन्या जखमेचे वण मला माझ्या नाकासमोर दिसत होते. "फिरव," तो म्हणत होता. "बघू नको. फिरव."

आधी हेल्मेट आलं, मग छातीवर कललेलं डोकं. ओठ पाटीच्या रंगाचे. आम्ही त्याला बखोटीला धरून माल चढवायच्या मोठ्या दारापर्यंत फरफटत नेलं, उन्हात, वाऱ्यात. मी फोन केला. पत्ता नीट सांगितला, हे मला नंतर कळलं. मारेकने त्याला कुशीवर वळवलं, तोंडातला चिखल बोटाने काढला. छाती हलत होती की मीच थरथरत होते, ते कळत नव्हतं.

मग टेरी खोकला. एकदा. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. लांबून अँब्युलन्सचा आवाज यायला लागला. टेरीने डोळे उघडले, उन्हाने बारीक केले आणि मला शोधलं.

"व्ही," तो म्हणाला. "अठरानंतर काय?"

मी तोंड उघडलं. सतरा, अठरा... आणि पुढे काही नाही. पुन्हा सुरुवात केली, सोळा, सतरा, अठरा. माझ्याच भाषेतला आकडा, मला येईना! टेरी माझ्याकडे बघत होता आणि मी नुसती मान हलवत रडत होते.

मारेक दाराला पाठ टेकून बसला होता. तळहात सोलवटलेले, ते मांडीवर उपडे ठेवलेले, मान खाली.

"एकोनीस," मारेक म्हणाला.